आग्नेयमुखी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या कुठल्याही स्लॅबवर उभं राहून आपण सभोवार नजर टाकली, तर बासमतीसाठी नावाजलेल्या शिवारापलीकडे राजहंसगड दिसतो, आणि त्याच्या अलीकडे, पाण्याच्या टाक्यांना खेटून, आग्नेयेच्या अंगाला तोंड करून बसलेल्या डिश दिसतात. देवळाचं दार पूर्वेला, घराचं रस्त्याला. डिशनं मात्र ना वास्तुशास्त्र विचारलं ना शेजाऱ्याचं मत. यातल्या कितीतरी आता मुक्या आहेत. घरात वायफाय आलं, मालिका मोबाइलवर गेल्या, रिचार्ज थांबला. देशात पैसे भरून चालणाऱ्या डीटीएच जोडण्या २०१९च्या सुमारास सात कोटींच्या वर होत्या. २०२५ मध्ये त्या सहा कोटींच्या खाली आल्या. मग एखाद्या वैशाखात घरातलं कुणीतरी पाना घेऊन वर चढतं. काम अर्ध्या तासाचं; पण पंधरा-पंधरा वर्षं जिच्याकडे आपण सिग्नल गेल्याशिवाय मान वर करून पाहिलं नाही, तिचं रूप निरखण्याची हीच शेवटची वेळ असते. तेव्हा पाना क्षणभर बाजूला ठेवू या.

पहिली गंमत तिच्या बसण्यात आहे. तबकडी किंचित मागे रेललेली, जणू समोरच्या आभाळाच्या मध्यावर कुठेतरी नजर लावून. पण ही तिची बतावणी आहे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी ठाण मांडून असलेला उपग्रह येळ्ळूरहून पाहिला तर क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच असतो, म्हणजे माथ्याच्या बराच जवळ. डिश दिसते त्याच्या बरीच वर पाहत असते. याचं कारण तिच्या जन्मात आहे. ही पूर्ण वाटी नव्हेच. एका मोठ्या, कल्पनेतल्या वाटीच्या कडेचा कापून घेतलेला तुकडा आहे. म्हणून तर ती नीट गोल नसते, रुंदीपेक्षा उंचीला थोडी जास्त भरते. पूर्ण वाटीत मधोमध टांगलेला, लहरी टिपणारा एलएनबी येणाऱ्या लहरींवर स्वतःचीच सावली पाडतो. कडेचा तुकडा घेतला की तो खाली, लहरींच्या वाटेबाहेर राहतो, आणि तबकडी उभट बसल्यामुळे तिच्यात पाऊस साठत नाही, पालापाचोळा टिकत नाही. बेळगावच्या पावसाला पुरून उरायचं तर एवढी चतुराई हवीच.

आणि वक्रता? तिच्यावरून एकदा सावकाश तळहात फिरवून पाहावा. पाखरं हाकलायला गोफणीतून सुटलेला दगड हवेत जी कमान रेखतो, तीच ही कमान, स्वतःभोवती फिरवून पत्र्यात दाबलेली. त्या कमानीचा गुण असा की दुरून समांतर आलेला प्रत्येक किरण, तो काठाला लागो की मध्याला, परतून एकाच बिंदूवर येतो, आणि सगळे किरण सारख्याच वेळात येतात. उपग्रहावरून लहरी खाली पाठवणाऱ्या एकेका ट्रान्सपाँडरची ताकद शे-दीडशे वॅट. ती अख्ख्या देशावर पसरल्यावर येळ्ळूरच्या एका स्लॅबच्या वाट्याला काय येणार! त्या नगण्य अंशातून तेंडुलकरची फटकेबाजी गोळा व्हायची ती या दीड-दोन फुटांच्या पत्र्यामुळे.

त्या बिंदूवर बसलेला एलएनबी आपण पाहतो, पण त्याची मान कललेली असते हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बसवणाऱ्याचा तो आळस नव्हे. उपग्रह आपल्या पूर्वेला, आपण त्याच्या पश्चिमेला. त्याच्या लहरींची उभी रेषा आपल्याकडे पोचते तेव्हा तिरपी झालेली असते, म्हणून एलएनबीही तेवढाच तिरपा. खाली आलेल्या काळ्या केबलमध्ये तर दुहेरी रहदारी चाले: त्याच तारेतून बॉक्सची वीज वर जाई आणि चित्र खाली येई. १३ व्होल्ट गेले की एलएनबी उभ्या लहरी निवडणार, १८ गेले की आडव्या. खाली रिमोटचं एक बटण दाबलं की वर, उन्हात, कुणालाही न दिसता ही निवड बदले. (म्हणूनच केबल सोडण्याआधी बॉक्सचा स्विच बंद करावा; हे रसिकतेत मोडत नाही, पण सांगायलाच हवं.)

आता बोल्टांकडे येऊ. एक सैल केला की तबकडी डावी-उजवी हलते, दुसरा केला की वर-खाली. हे दोन कोन म्हणजे, खरं सांगायचं तर, येळ्ळूरचा पत्ता आहे. उपग्रह ठाऊक असेल तर त्या दोन कोनांवरून उलट गणित करून गावाचे अक्षांश-रेखांश काढता येतात. निपाणीची डिश इथल्यापेक्षा जराशी वेगळी बसते, मुंबईची आणखी वेगळी. परदेशात घरच चाकांवर घेऊन हिंडणारे लोक गाडीच्या छपरावर अशीच डिश लावत, आणि दर मुक्कामाला त्यांना हा पत्ता नव्यानं शोधावा लागे. येळ्ळूरच्या घराला तो एकदाच लिहिला की पुरे. कर्नाटकाच्या हद्दीतल्या या मराठी गावात पत्त्याला काय मोल आहे ते वेगळं सांगायला नको. २०१४च्या जुलैत ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ ही वेशीवरची पाटी न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिस बंदोबस्तात उखडली गेली, गावानं ती पुन्हा उभारली, ती पुन्हा उखडली गेली आणि लाठ्या चालल्या. स्लॅबवरचा पत्ता त्याही दिवशी जागचा हलला नाही. त्यात राज्य लिहिलेलंच नव्हतं. आणि तरी तो काय आणत होता पाहा: मुंबईत तयार झालेला ‘सह्याद्री’चा मराठी कार्यक्रम दिल्लीच्या तोडापूरहून आभाळात जायचा, तिथे त्याला झेलणाऱ्या उपग्रहाची निगा राखली जायची ती कर्नाटकातल्या हासनमधून, इस्रोच्या १९८२पासूनच्या नियंत्रण केंद्रातून, आणि तो उतरायचा येळ्ळूरच्या माजघरात. सीमाभागातल्या संध्याकाळचा एवढा सुरेख नकाशा मी दुसरा पाहिलेला नाही.

या डिशच्या पूर्वजांचीही आठवण इथेच काढू. १९७५च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. शेजारचा विजापूर जिल्हा त्यात होता. त्या डिश दहा फुटी आणि चक्क कोंबड्यांच्या जाळीच्या. लहर पस्तीसेक सेंटिमीटरची, तिला जाळीची भोकं जाणवतच नसत. आताची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तिला गुळगुळीत पत्राच लागतो. ऐन धो-धो सरीत मालिका गोठायची तीही याच नाजूक लहरीमुळे. दूरदर्शनची मोफत सेवा १६ डिसेंबर २००४ला सुरू झाली आणि मग हे पत्रे गच्चीगच्चीवर उगवले.

काढताना क्रम बसवण्याच्या नेमका उलटा: आधी केबल, मग एलएनबी, मग त्याला धरणारा हात, मग तबकडी, शेवटी खांब. नट गंजलेले असतातच. आदल्या रात्री त्यांच्यावर थोडं रॉकेल सोडून ठेवावं. अँकर बोल्ट निघाले नाहीत तर झुंजू नये, हॅक्सॉनं स्लॅबलगत कापावेत. एवढ्यात खालून आवाज येतोच, “भोकं बुजवल्याबिगर खाली उतरू नको बघ, मृग तोंडावर आलाय!” तो आवाज ऐकावा. भोकातला चुरा फुंकून काढून, वॉटरप्रूफ मिसळलेलं सिमेंट आतपर्यंत भरावं. पहिल्या पावसात पाणी तिथूनच शिरतं.

आणि एक विनंती. कोनांचे बोल्ट सैल करण्याआधी जिथे खुणेच्या रेघा आहेत तिथे मार्करनं एक ओळ ओढा, आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गल्लीत विचारा. दूरदर्शनची मोफत सेवा अजून चालू आहे, तिला रिचार्ज लागत नाही, आणि तिच्याकडे वळलेली डिश याच गावात चार घरं पलीकडे बसवली तर उंचीचा कोन तोच राहतो.