भिंगाचं कौतुक पुरे, जरा दिव्याकडे बघा

हवाई छायाचित्रांवरून नकाशे कसे काढत, हे वाचताना मला एक गोष्ट खटकते. सगळं श्रेय रुंद कोनाच्या भिंगाला मिळतं. पण प्रोजेक्टर बनवणाऱ्यांचा मोठा झगडा उजेडाशी होता.

आधी मांडणी समजून घ्या. एकाच भूभागाची दोन छायाचित्रं, एक लाल आणि एक निळ्या उजेडात, टेबलावर पाडायची. लाल-निळा चष्मा लावला की डोंगर उभा दिसतो. उजेडाचा एक ठिपका त्या डोंगरावर टेकवत एकाच उंचीवरून फिरवला की समोच्च रेषा मिळते. अडचण अशी, की तिरप्या किरणांचा उजेड साधारण कोनाच्या कॉसच्या चौथ्या घाताने घटतो. 45 अंशांवर मधल्या उजेडाचा पाव हिस्साच उरतो! आणि दोन चित्रं जुळवताना कडेचेच बिंदू तपासावे लागतात. तिथे नीट दिसलं नाही, तर सगळ्या उंच्या चुकतात.

केल्श प्लॉटरमध्ये चित्र मूळ आकाराचंच ठेवलं आणि दिवा ठिपक्याबरोबर फिरवला. उजेड भरपूर, पण काम चालू असेल तेवढ्याच जागी.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रसेल बीन यांनी ‘ईआर-55’मध्ये लंबवर्तुळाकार आरसा वापरला. एका नाभीपाशी दिवा, दुसरीपाशी भिंग. पहिल्या नाभीतून निघून आरशावर पडलेला किरण दुसरीत जातोच. दिवा न हलवता सगळं चित्र उजळतं. कल्पना सुंदर आहे, यात वादच नाही.

पण हा फायदा फुकटचा नाही, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याचं 153 मिमी अंतर इथे 55 मिमीवर आणलंय, म्हणजे चित्र सुमारे 2.8 पट लहान. निगेटिव्हवर मिलिमीटरला 20 रेषा असतील, तर काचेवर त्या 56 होतात. जुन्या मल्टिप्लेक्समध्ये, 30 मिमीवर, त्या 102 व्हायच्या. तेवढं बारीक छापायचं आणि पुन्हा मोठं करायचं, तर प्रत्येक टप्प्यावर थोडा तपशील गळणारच.

म्हणून माझ्या मते बीन यांचं यश आरशाइतकंच 55 या आकड्यात आहे : मल्टिप्लेक्सपेक्षा तपशील जास्त, केल्शपेक्षा यंत्रणा साधी. ‘संपूर्ण क्षेत्र उजळलं’ असं कुठे वाचलंत, तर चित्र किती लहान केलंय, हे आधी विचारा.