तपकिरी आमटीचं करायचं काय?

दिवाळी जवळ आली की मासिकांचे फराळ विशेषांक आणि मोबाइलवरच्या फराळाच्या रील्स एकदमच बाहेर पडतात, आणि गंमत अशी की दोन्हींत चकली एकाच पद्धतीनं मांडलेली असते. काळपट लाकडी फळी, तिच्यावर मुद्दाम चुरगळलेला खादीचा तुकडा, तीन चकल्या एकमेकींवर रेललेल्या, चौथी मोडलेली, कडेला झेंडूच्या पाकळ्या आणि मागे धूसर पणती. फोटो वाईट नसतो. उजेड एका बाजूनं येतो आणि चकलीचा काटा न् काटा दिसतो. पण ही चकली कोणाच्या घरची, कोणत्या गावची, भाजणीची की तांदळाची, याचा पत्ता लागत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडचं पदार्थांचं छायाचित्रण तंत्रात झपाट्यानं सुधारलं आणि तेवढ्याच झपाट्यानं एकसाची झालं, अशी माझी तक्रार आहे.

तो अंधारा, एकबाजूच्या उजेडाचा थाट मुळात सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचा. खिडकीतून येणारा उजेड, काळी पार्श्वभूमी, अर्धवट सोललेलं लिंबू, कडेला सुकत चाललेली फुलं. कॅमेरा आल्यावर छायाचित्रकारांनी हीच चित्रं गिरवली. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉजर फेंटननं 1860 साली फळाफुलांची मांडणी करून फोटो काढले, त्यांत हा वारसा उघड दिसतो. या वारशाशी माझं भांडण नाही. 1930 साली एडवर्ड वेस्टननं एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला आणि भाजीवाल्याच्या टोपलीतल्या वस्तूला शिल्पाची किंमत आणून दिली. पण वेस्टन त्या मिरचीकडे बघत होता. आपण बहुतेकदा दुसऱ्याच्या फोटोकडे बघून फोटो काढतो.

यात हरवतं ते आपलं स्वतःचं मांडणीशास्त्र. मराठी पान वाढण्याचे नियम म्हणजे चौकटीत कुठे काय बसवायचं याचा पक्का आराखडा आहे. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण आणि तूप. तोंडी लावायच्या, तिखट-आंबट गोष्टी डावीकडे चिमूट-चिमूट, पोट भरणाऱ्या उजवीकडे सढळ. हिरवी चटणी पांढऱ्या मिठाच्या बाजूला येते, भडक रंग कडेला राहतात आणि फिकट मूद मध्यभागी उठून दिसते. हे कोणी कॅमेऱ्यासाठी ठरवलं नव्हतं, तरी कॅमेऱ्याला याहून चांगलं काही मिळणार नाही. असं असताना महाराष्ट्रीय थाळीच्या कितीतरी फोटोंत लोणचं उजवीकडे आणि पोळी डोक्यावर. उलटं छापलं असावं अशी शंका येते. कारण विचारलं तर उत्तर मिळतं: तिथे रंग हवा होता.

डोक्यावरून, थेट वरून घेतलेला फोटो हा या काळाचा लाडका कोन. पाटावर बसलेल्या जेवणाऱ्याला पान असं कधीच दिसत नाही. त्याला ते तिरकं, स्वतःकडे झुकलेलं दिसतं. वरून दिसतं ते वाकलेल्या वाढप्याला. म्हणून हा कोन पानाला शोभतो, कारण पान सपाट आणि त्याचा सगळा अर्थ जागांमध्ये. पण हाच कोन वाटीला लावला की आमटीची खोली जाते, वरचा तवंग आणि तळाची डाळ एक होते आणि उरतं एक तपकिरी वर्तुळ.

तपकिरी रंग ही या क्षेत्रातली खरी परीक्षा. भरली वांगी, काळ्या मसाल्याची उसळ, चिंच-गुळाची आमटी, डाळिंब्या: आपल्या जेवणातला अर्धा जीव याच रंगात आहे आणि मांडणी करणारे त्यालाच घाबरतात. मग सरसकट कोथिंबीर. मालवणी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर ती मूठभर हिरवळ पाहिली की एखाद्या गंभीर माणसाच्या डोक्यात जबरदस्तीनं फूल खोवल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे. उजेड पदार्थाच्या मागून घ्यायचा. मागून आलेला उजेड तेलाच्या कडेवर चमकतो, वांग्याची साल झळकते, मसाला दाणेदार दिसतो. त्यासाठी पदार्थ गरम असताना आणि तेल सुटलेलं असतानाच काम उरकावं लागतं. थांबलं की साय धरते, तवंग विझतो, आणि मग हात पुन्हा कोथिंबिरीकडे जातो.

तसंच स्टीलचं. मराठी घरात कैक दशकं जेवण स्टीलच्या ताट-वाटीत होतंय, पण चांगल्या छायाचित्रांत ताट पितळेचं, मातीचं किंवा काळ्या सिरॅमिकचं. सबब असते की स्टीलमध्ये खिडकी, छत, फोटो काढणाऱ्याचा सदरा, सगळं उमटतं. खरं आहे, पाण्यावरची चकाकी मारणारा पोलरायझर फिल्टर धातूच्या चकाकीपुढे हात टेकतो. पण ताटाच्या वर आणि बाजूला पांढरं कापड किंवा बटर पेपर ताणला तर ताटात फक्त तो पांढरेपणाच उतरतो आणि स्टील रुपेरी, मऊ दिसतं. वेळ जातो, एवढंच. पितळेचं ताट भाड्यानं आणणं सोयीचं पडतं, आणि त्या सोयीतून एक खोटा, वाड्यातला महाराष्ट्र तयार होतो, जिथे डब्यात पोळी-भाजी नेणारं कोणी राहत नाही.

चांगलं काम कुठे दिसतं? मला विचाराल तर उकडीच्या मोदकांत. मोदकाचा फोटो काढणं अवघड. चाळणीतून काढला तेव्हा तो ओला आणि तुकतुकीत असतो. दहा-पंधरा मिनिटांत पारी कोरडी पडते आणि कळ्यांच्या टोकांशी बारीक चिरा जातात. म्हणून पाण्याचा किंवा तुपाचा हात फिरवतात. पांढरा मोदक, समोरून उजेड, की तो सपाट गोळा झालाच. उजेड आडवा घेतला तर प्रत्येक कळीला स्वतःची सावली मिळते. हल्ली घरच्या घरी, ओट्याशेजारच्या खिडकीत फोटो काढणाऱ्या कितीतरी बायका हे अचूक साधतात. त्यांना कळ्या पाडायला किती कष्ट पडतात ते ठाऊक असतं, म्हणून उजेड कुठे पाडायचा तेही. शिवाय फोटो झाल्यावर तो मोदक त्यांना खायचाही असतो. ग्लिसरीनचे थेंब, आइस्क्रीमच्या जागी बटाट्याचा लगदा या जाहिरातींच्या क्लृप्त्या तिथे चालत नाहीत. भाज्या वर दिसाव्यात म्हणून सुपात काचेच्या गोट्या टाकल्याबद्दल कॅम्पबेल कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कारवाई केली, त्याचा निकाल 1970 चा. ते प्रकरण आता दंतकथेसारखं सांगतात.

फुलांची स्थिती याहून दुबळी. पाश्चात्त्य फोटोत फूल देठासकट, फुलदाणीत असतं. आपल्या फुलांचा देठ बहुधा जातोच: गजरा, वेणी, हार, तोरण. म्हणजे इथे फुलाचा फोटो काढायचा तर ओवण दिसायला हवी, दोरा, गाठ, एकाशेजारी एक बसवणारी बोटं. गोव्यात म्हार्दोळच्या म्हाळसा देवळात जायांची पूजा होते, तिथे हे पाहायला मिळतं. आपले छायाचित्रकार मात्र दादरच्या फूलबाजारात झेंडूच्या ढिगांवर समाधान मानतात. त्यातही मोबाइल केशरी रंग इतका भडकवतो की पाकळ्या एकमेकींत वितळतात. उजेड थोडा कमी धरला तर हे टळतं, पण भडक फोटोला लाइक्स जास्त. फराळाच्या ताटात शिंपडलेल्या सुट्या पाकळ्यांबद्दल काय बोलावं? कोणतीही आजी त्या झटकून टाकील.

अर्व्हिंग पेननं 1967 पासून काही वर्षं ‘व्होग’च्या नाताळ अंकांसाठी दर साली एकेका जातीच्या फुलांचे फोटो काढले. कडा काळवंडलेली, पाकळ्या गळायला आलेली फुलंही त्यानं आवडीनं टिपली. आपल्याकडे तर सकाळचा प्राजक्त दुपारी मलूल होतो आणि निर्माल्याचा कलश जागोजागी असतो, तरी त्या टप्प्यावरच्या फुलाकडे कोणी कॅमेरा वळवलेला मला फारसा दिसला नाही.

या लेखात मराठी छायाचित्रकारांची आणि मांडणीकारांची नावं नाहीत हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. अंकांत पाककृती कोणाची ते छापतात, छायाचित्र कोणाचं ते कधीमधी, मांडणी कोणाची ते जवळजवळ कधीच नाही. आता संगणकानं रचलेली चित्रंही या पानांत शिरू लागली आहेत. त्यांतल्या मोदकाला कळ्या किती आणि त्या कुठे मिळतात याचा हिशेब लागत नाही. त्यांना नाव नसलं तर नवल नाही. पण ताट खरं असेल, तर ते कोणी मांडलं हे पदार्थाच्या नावाखाली एका ओळीत छापायला संपादकांना जागा सापडली पाहिजे; नाहीतर कोणाचं काम चांगलं आणि कोणाचं उसनं, हे लिहायचं तरी कोणाबद्दल?