कागदावर नसलेले संगीत : बरोक ध्वनिमुद्रणांची निवड

बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत दोन द्रुत भागांच्या मध्ये विलंबित भाग अपेक्षित असतो. तिथे बाखने लिहिले आहेत फक्त दोन कॉर्ड आणि त्यांच्यावर ‘अडाजिओ’ हा एक शब्द. हे सहा कॉन्चेर्टो २४ मार्च १७२१ रोजी ब्रांडेनबुर्गच्या मार्गग्राफला अर्पण केलेल्या सुवाच्य प्रतीत आहेत, तेव्हा घाईत काही राहून गेले असे म्हणण्याला फारसा आधार नाही. मग वादकांनी करायचे काय? काही जण ते दोन कॉर्ड वाजवून थेट पुढे जातात. काही वाद्यवृंदांत व्हायोलिनवादक तिथे छोटी मुक्त फिरत घेतो, काहींत ती जागा हार्पसिकॉर्डवादक भरतो. काहींनी तर दुसऱ्या एखाद्या रचनेतला विलंबित भाग आणून तिथे बसवला आहे. यातले कोणतेही उत्तर सरळसरळ चूक ठरवता येत नाही.

बरोक वाद्यसंगीताचे ध्वनिमुद्रण निवडण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. साधारण १६०० ते १७५० या काळातली स्वरलिपी वरवर पूर्ण दिसते, पण ती पूर्ण नसते. ख्यालाच्या दोन ओळींच्या बंदिशीतून अर्ध्या तासाचे गाणे उभे राहते, हे मराठी श्रोत्याला नव्याने सांगावे लागत नाही. बरोकमध्ये मात्र कागदावर बरेच काही लिहिलेले असते आणि म्हणूनच फसगत होते. सगळे लिहिलेलेच आहे, तेवढे नीट वाजवले की झाले, असा समज वादक आणि श्रोता दोघेही करून घेतात. माझे म्हणणे उलट आहे. ‘कोणते ध्वनिमुद्रण बिनचूक?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘जे लिहिलेले नाही त्याचे या वादकांनी काय केले?’ हे विचारावे.

न लिहिलेले म्हणजे नेमके किती? या काळातल्या बहुतेक रचनांमध्ये खर्जाची एक ओळ सलग चालते आणि तिच्यासोबत आकडे दिलेले असतात. त्या आकड्यांवरून हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो वाजवणाऱ्याने वरचे स्वर स्वतः भरायचे असतात. म्हणजे साथीचा मोठा भाग प्रत्येक वादनात नव्याने तयार होतो. फ्रान्समध्ये समान लांबीचे लिहिलेले स्वर थोडे झुलते, लहानमोठे करून वाजवत. आपण लिहितो एक आणि वाजवतो दुसरे, हे कुपराँने १७१६च्या आपल्या हार्पसिकॉर्डवरील ग्रंथात स्पष्टच मान्य केले आहे. कोरेल्लीच्या ओपस ५ मधल्या बारा सोनाटा १७०० साली रोममध्ये छापल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या विलंबित भागांत लांब, मोकळे स्वर होते. १७१० साली ॲम्स्टरडॅमचा प्रकाशक एस्तिएन रोझे याने त्यांची नवी आवृत्ती काढली आणि कोरेल्ली स्वतः वाजवत असे म्हणून जे अलंकरण छापले, त्यात ते मोकळे स्वर तानांनी भरून गेले आहेत. बाखच्या एकल चेलोच्या सहा स्वीट्सची त्याच्या हस्ताक्षरातली प्रतच उरलेली नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल हाताशी आहे, पण गजाच्या एका ओढीत किती स्वर घ्यायचे याच्या खुणा तिच्यात ठिकठिकाणी संदिग्ध आहेत. प्रत्येक चेलोवादकाला दर ओळीत स्वतःचा निर्णय घ्यावाच लागतो.

हा निर्णय विसाव्या शतकात कसकसा बदलत गेला, ते ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंच्या ध्वनिमुद्रणांत सलग ऐकू येते. १९३५ साली आडोल्फ बुश याने लंडनमध्ये आपल्या छोट्या वाद्यवृंदासह सहाही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. पाचव्यात हार्पसिकॉर्डच्या जागी रुडॉल्फ सेरकिनचा पियानो आहे, बासरीवर मार्सेल मोईझ आहे. वाद्ये आधुनिक, काही विलंबित लयी आज जड वाटतील, पण वादक एकमेकांचे इतके लक्षपूर्वक ऐकतात की प्रत्येक ओळ बोलते. १९५० साली प्रादच्या महोत्सवात चेलोवादक कझाल्सने दुसऱ्या कॉन्चेर्टोतल्या अवघड, उंच ट्रंपेटची ओळ सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवून घेतली. वाद्य बदलायला त्या पिढीला संकोच वाटत नसे, कारण त्यांच्या दृष्टीने संगीत वाद्यापलीकडचे होते.

१९६०च्या दशकात दोन वाटा समोरासमोर आल्या. कार्ल रिश्टरचे म्युनिकचे १९६७चे ध्वनिमुद्रण आधुनिक वाद्यांवरचे आहे : ठाम, उजळ, एका सरळ चालीचे. त्याआधीच, १९६४ साली, निकोलाउस हार्नोनकूर्टने व्हिएन्नाच्या कॉन्सेन्टुस म्युझिकुससह तत्कालीन वाद्यांवर हे कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले होते. आतड्याच्या तारा, हलका गज, झडपा नसलेला ट्रंपेट, लाकडी बासऱ्या. या बदलाचा खरा लाभ केवळ वेगळ्या नादाचा नव्हता. दुसऱ्या कॉन्चेर्टोत ट्रंपेट, रेकॉर्डर, ओबो आणि व्हायोलिन हे चार एकल वादक आहेत. आधुनिक ट्रंपेटपुढे रेकॉर्डर टिकणे कठीण, म्हणून अनेक जुन्या ध्वनिमुद्रणांत तिथे आडवी बासरी येते किंवा मायक्रोफोनचा आधार घ्यावा लागतो. तत्कालीन वाद्यांवर त्या चौघांचा समतोल बऱ्याच अंशी आपोआप साधतो. बाखने ही जोडणी का केली असावी, ते कानाला कळते.

१९७६-७७मध्ये गुस्टाव लिओनहार्टने फ्रान्स ब्रुगन, सिगिसवाल्ड कुइकेन, आनर बिल्स्मा अशा सोबत्यांसह केलेले ध्वनिमुद्रण माझ्या मते आजही या वाटेवरचे सर्वांत विचारी आहे. बहुतेक ओळींना एकेक वादक, घाई कुठेच नाही, आणि वाक्य कुठे थांबते, कुठे श्वास घेते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्रेव्हर पिनॉकचे १९८२चे ध्वनिमुद्रण अधिक मोकळे, आनंदी आणि नव्या श्रोत्याला लगेच आपलेसे वाटणारे आहे. १९८६-८७मध्ये राइनहार्ड गोबेलच्या म्युझिका आंटिका क्योल्नने सहाव्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग बेफाम वेगात वाजवला. या कॉन्चेर्टोत व्हायोलिन नाहीच. दोन व्हिओला, दोन व्हिओला द गाम्बा आणि खालची वाद्ये यांचा गडद नाद हेच त्याचे वैभव. त्या वेगात वादकांचे कौशल्य दिसते, पण व्हिओलांची एकमेकींच्या पाठोपाठ चाललेली ओढ निसटते. दहा वर्षांनी जोव्हान्नी अंतोनिनीच्या इल जार्दिनो आर्मोनिकोने त्याच रचनांत इटालियन धार आणली. तीही वेगवान आहे, पण तिच्यातले आघात खर्जाच्या चालीतून उगवतात, म्हणून पटतात.

एवढे झाल्यावर ‘तत्कालीन वाद्ये’ हा शिक्का निवडीला पुरेसा व्हायला हवा होता. तो पुरेसा नाही. संगीत-अभ्यासक रिचर्ड टारुस्किनने १९९५च्या आपल्या लेखसंग्रहात दाखवून दिले की ऐतिहासिक म्हणवणाऱ्या या शैलीत विसाव्या शतकाची आवड फार खोलवर आहे : चपळता, कोरडेपणा, भावनेपासून अंतर. ही टीका झोंबणारी होती आणि बरीचशी खरीही होती. साधने पाहिली तरी एकच उत्तर मिळत नाही. जेमिनियानी १७५१ साली लंडनमध्ये सांगतो की स्वरकंप होता होईल तितका वापरावा. लेओपोल्ड मोत्सार्ट १७५६ साली प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्या वादकांना फटकारतो. दोघेही व्हायोलिनचे मोठे गुरू, दोघेही एकाच काळातले. स्वराच्या उंचीचेही तसेच. ४१५ हर्ट्झ ही आजची सोयीस्कर तडजोड आहे, कारण ती आजच्या प्रमाण ४४०च्या साधारण अर्धा स्वर खाली येते. त्या काळात गावोगाव वेगळी उंची होती.

आजची खरी अडचण दुसरीच आहे. १९३३ साली स्थापन झालेली बाझेलची स्कोला कान्तोरुम, हेगचे संगीत विद्यालय यांसारख्या संस्थांत उत्तम शिक्षण मिळते. त्यामुळे चांगल्या वादकांची कमतरता उरलेली नाही. पण बंडातून जन्मलेली शैली आता सर्वमान्य झाली आहे. तेच टोकदार आघात, स्वराच्या मध्यावर तीच फुगवण, तोच धावता वेग अनेक नव्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येतो. निर्णय घेतल्यासारखा वाटतो, पण तो उसना असतो. उलट ग्लेन गूल्डने वाजवलेली बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ आधुनिक पियानोवर आहेत, तरी तिथे प्रत्येक स्वर विचारातून आलेला आहे. १९५५ साली त्याला सुमारे ३८ मिनिटे लागली, १९८१ साली ५१. एकाच माणसाने सव्वीस वर्षांनी स्वतःचेच उत्तर बदलले. हार्पसिकॉर्डवर ही रचना ऐकायची तर पियेर आँताईचे १९९२चे ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यात दोन कळपट्ट्यांचा संवाद स्वच्छ उलगडतो आणि नाचाची लय कधी सुटत नाही.

निवड करताना मी पहिल्यांदा खर्ज ऐकतो. खर्जाची ओळ फक्त आधार देते की चालते, वळते, वरच्या ओळीला उत्तर देते? बरोक वादनाचा कणा तिथेच असतो. मग पुनरावृत्ती. नृत्यांच्या भागांत प्रत्येक अर्धा भाग दोनदा वाजवायचा असतो, दुसऱ्या वेळी काहीच घडले नाही तर वादकाने संधी दवडली. मग विलंबित भाग. द्रुत भागात सगळेच हुशार वाटतात, पण लांब स्वर जिवंत ठेवणे थोड्यांना जमते. शेवटी ध्वनिमुद्रणाची जागा. चर्चच्या घुमणाऱ्या सभागृहात हार्पसिकॉर्डची साथ धूसर होते, तर फार जवळ मायक्रोफोन ठेवला की व्हायोलिनचा गज कानाला खरवडतो.

कोणत्या रचना निवडायच्या, हाही प्रश्न तेवढाच मोठा आहे. व्हिवाल्डीचे ‘चार ऋतू’ १७२५ साली ॲम्स्टरडॅममध्ये छापले गेले आणि आज त्यांची ध्वनिमुद्रणे मोजण्यापलीकडे गेली आहेत. एक फाबिओ बिओंदीचे आणि एक जुने इ मुझिचीचे असले की माझ्या मते भागते. त्याच व्हिवाल्डीची शेकडो हस्तलिखिते तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ती ध्वनिमुद्रित करण्याचा मोठा प्रकल्प २००० साली सुरू झाला, त्यातला बसूनच्या कॉन्चेर्टोंचा एखादा भाग घेतला तर व्हिवाल्डी नव्याने भेटतो. बीबर या रचनाकाराच्या ‘रोझरी’ सोनाटा तर ऐकायलाच हव्यात. पंधरा सोनाटा आणि एक पासाकाग्लिया, त्यांतल्या चौदांमध्ये व्हायोलिनच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावाव्या लागतात. पुनरुत्थानाच्या सोनाटात मधल्या दोन तारा एकमेकींवरून ओलांडून नेतात. गोबेल आणि रेचेल पॉजर ही त्यांची दोन अगदी भिन्न उत्तरे आहेत. कोरेल्लीचे ओपस ५ अँड्र्यू मान्झ आणि रिचर्ड एगार यांनी केवळ व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डवर वाजवले आहे. मूळ मुखपृष्ठ साथीला खर्जाचे तंतुवाद्य किंवा हार्पसिकॉर्ड असे सांगते, म्हणून या निवडीला आधार आहे, आणि एगारची समृद्ध साथ ती निवड सार्थ करते.

मुंबईतले ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले. अशा दुकानांत वेष्टन उलटून वादकांची नावे, वर्ष, वाद्ये वाचता येत. आता फोनवर सगळे मिळते, पण तीच माहिती हरवते. हार्नोनकूर्टने ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो पुन्हा १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रित केले, पिनॉकने २००७मध्ये. यादीत मात्र जुन्या ध्वनिमुद्रणासमोर पुनर्प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते आणि खर्ज वाजवणाऱ्याचे नाव नसते. कंपन्यांनी ही माहिती द्यायलाच हवी, कारण या संगीतात ती सजावट नाही, रचनेचाच भाग आहे.

सुरुवात करणाऱ्याने सहावा ब्रांडेनबुर्ग घ्यावा. लिओनहार्ट, गोबेल आणि अंतोनिनी असा तीनदा ऐकावा आणि व्हिओलांकडे लक्ष द्यावे. एकदा फरक कळला की समीक्षकांच्या याद्यांची गरज कमी होते. कोणी बाखचे दोन कॉर्ड वाजवून पुढे जाईल, कोणी तिथे मिनिटभर थांबेल. दोन्ही मला मान्य आहे, मात्र तो का थांबला किंवा का थांबला नाही हे वादनातून कळायला हवे. निर्णय टाळून केलेले वादन कितीही नेटके असले, तरी त्याला माझ्या कपाटात जागा नाही.