दोन लाख सायटेशन्स, पण नक्की कशाला? लेमलींचा १९७० चा पेपर

गाईड निवडताना तुम्ही सगळ्यात आधी काय बघता? बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडतात, एकूण सायटेशन्स आणि एच-इंडेक्स हे दोन आकडे वाचतात आणि मत बनवून मोकळे होतात. हे आकडे काय सांगतात आणि काय लपवतात, ते उलरिश लेमली यांच्या उदाहरणावरून छान कळतं.

प्रोटीनचं जेल चालवलं असेल तर हे नाव तुमच्या तोंडी असणारच. सॅम्पल उकळण्याआधी जो ‘लेमली बफर’ घालतो, तो यांचाच. १९७० साली, केंब्रिजच्या एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीत असताना, त्यांनी ‘नेचर’मध्ये एकट्याच्या नावावर सहा पानांचा पेपर लिहिला. २०१४ मध्ये ‘नेचर’नेच सर्वाधिक सायटेशन्स मिळालेल्या १०० पेपरांची यादी छापली. पहिला होता लाउरींचा १९५१ चा, प्रोटीन मोजण्याचा पेपर. तीन लाखांहून जास्त सायटेशन्स. दुसरा लेमलींचा, दोन लाखांहून जास्त. वॉटसन-क्रिकचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर त्या शंभरात नाही!

आता गंमत बघा. लेमलींच्या शीर्षकात जेलचं नावसुद्धा नाही. प्रश्न होता टी-४ या बॅक्टेरिओफाजचं डोकं कसं जुळून येतं. उत्तर असं की, डोक्यातली चार प्रमुख प्रोटीन्स जुळणीच्या दरम्यान कापली जातात, आणि तेही बहुधा आधी मोठी रचना तयार झाल्यावर. जेल हे त्यासाठीचं हत्यार. त्याची कृती एका आकृतीखालच्या बारीक मजकुरात आहे. बहुतेक सायटेशन्स त्या मजकुराला आहेत, फाजबद्दलच्या शोधाला नाहीत.

जेलचे सुटे भागही आधीपासून होते. ऑर्नस्टीन आणि डेव्हिस यांनी १९६४ मध्येच स्टॅकिंगचं तत्त्व मांडलं होतं, एसडीएसही वापरात होतं. लेमलींनी ते एकत्र आणले. पीएच ६.८ च्या वरच्या जेलमध्ये ग्लायसीन हळू सरकतं, म्हणून पुढचं क्लोराइड आणि मागचं ग्लायसीन यांच्यामध्ये प्रोटीन्स दाटून पातळ पट्टा होतो. ८.८ च्या खालच्या जेलमध्ये ग्लायसीन पुढे निघून जातं आणि प्रोटीन्स आकारानुसार वेगळी होतात. म्हणूनच पट्टे इतके स्वच्छ दिसतात. याला ‘नुसती पद्धत’ म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. पण दोन लाख हा आकडा वापराचा आहे, शोधाच्या खोलीचा नाही, हेही तितकंच खरं.

एच-इंडेक्सची चूक उलट्या दिशेची. २००५ मध्ये हिर्श यांनी सुचवलेल्या या हिशोबात दोन लाख सायटेशन्सचा पेपरही फक्त एकच पेपर म्हणून मोजला जातो. म्हणजे एक आकडा त्याला डोक्यावर घेतो, दुसरा त्याला बाकीच्यांच्या रांगेत उभं करतो.

आणि दोन्हींत न दिसणारी गोष्ट पुढेच आहे. लेमली नंतर प्रिन्स्टनला गेले. १९७७ मध्ये पॉलसन यांच्यासोबत ‘सेल’मध्ये त्यांनी दाखवलं की, हिस्टोन काढून टाकले तरी क्रोमोसोममध्ये मधोमध एक सांगाडा उरतो आणि त्यातून डीएनएचे वेढे बाहेर येतात. हा सांगाडा खरा की हिस्टोन काढण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेला, यावर बरीच वर्षं वाद चालला. पुढे त्यातली दोन मुख्य प्रोटीन्स ओळखली गेली: टोपोआयसोमरेज-२ आणि कंडेन्सिनचा एक घटक. मूळ चित्र जसंच्या तसं टिकलं नाही, पण प्रश्न बरोबर जागी ठेवला होता. माझ्या मते हे त्यांचं जास्त धाडसी काम आहे, आणि प्रोफाइलमध्ये ते जेलच्या सावलीत झाकलं जातं.

तेव्हा कुणाचीही प्रोफाइल बघताना तीन गोष्टी करा. सर्वात वरचा पेपर बाजूला ठेवून उरलेले पेपर बघा. त्याला साइट करणारे चार-पाच पेपर उघडून उल्लेख ‘मेथड्स’मध्ये आहे की ‘डिस्कशन’मध्ये, ते तपासा, मेथड्समध्ये असेल तर काम वापरलं गेलंय, डिस्कशनमध्ये असेल तर त्यावर वाद घातला गेलाय. आणि शेवटी एक पेपर पूर्ण वाचा. पाच वर्षं तुम्ही आकड्यासोबत काढणार नाही. त्या माणसाच्या प्रश्नांसोबत काढणार आहात.