९३ टक्के, पण कोणाच्या रांगेत?

जर्नल क्लबसाठी पहिला पेपर शोधताय? मग व्हॅन रीनेन आणि सहकाऱ्यांचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला २०१० चा पेपर घ्या. प्रश्न साधा आहे: शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन मोजून आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळचा दाहविकार, ओळखता येतो का? हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे जमतात आणि प्रथिन शौचात उतरतं.

आधी चांगलं सांगते. १३ अभ्यास एकत्र केलेत, निदान एंडोस्कोपीनं ताडून पाहिलंय, प्रौढ आणि मुलं वेगळी ठेवलीत. प्रौढांत संवेदनशीलता ९३ टक्के, विशिष्टता ९६. मुलांत ९२ आणि ७६. आधी ही चाचणी केली तर ६७ टक्के प्रौढांची एंडोस्कोपी वाचेल, पण ६ टक्क्यांचं निदान लांबेल, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

आता पेन्सिल घ्या. त्या प्रौढांपैकी ३२ टक्क्यांना खरंच आयबीडी होता. म्हणजे १००० जणांत ३२०. चाचणी त्यातले २९८ पकडेल, आणि उरलेल्या ६८० पैकी २७ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. पॉझिटिव्ह आलेल्या दहांतले नऊ खरे. आता तेच किट आर्वी किंवा हिंगणघाटच्या ओपीडीत न्या. तिथे १००० पैकी २० जणांनाच आजार आहे असं नुसतं धरून चाला. खरे पॉझिटिव्ह १९, खोटे ३९. तिघांतला एकच खरा! किट तेच, रांग बदलली.

आणि हे ३९ सुद्धा मी उदारपणे धरलेत. कारण नुसतं प्रमाण बदलत नाही, रांगेतली माणसंही बदलतात. आयबीएसमध्ये आतड्याला अशी सूज नसते, म्हणून तो आयबीडीपासून वेगळा काढणं या चाचणीला जमतं. आपल्याकडे त्याच रांगेत आतड्याचा क्षयरोग असतो, जंतूंमुळे झालेली आव असते, रोज वेदनाशामक गोळ्या घेणारे शेतमजूर असतात. या सगळ्यांत कॅलप्रोटेक्टिन वाढू शकतं. सूज आहे एवढं ते सांगतं. कशामुळे, ते नाही. आणि क्षयरोगाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं, तर क्षयरोग बळावतो.

शेजारी सेवाग्रामचं उदाहरण ठेवा. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये जामात आला. सुप्त क्षयसंसर्गासाठी त्वचेची चाचणी आणि रक्ताची चाचणी किती जुळतात, एवढंच प्रामुख्यानं विचारलं. पक्की कसोटी उपलब्धच नव्हती, म्हणून 'अचूकता' हा शब्द जपून वापरावा लागतो. उत्तर आलं सुमारे ८१ टक्के.

म्हणून व्हॅन रीनेनचा पेपर चुकीचा ठरत नाही. तो त्याच्या रांगेपुरता बरोबर आहे. मीही पहिल्या सेमिनारला ९३ चा आकडा मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिला होता. रुग्ण कोण होते, ते विचारल्यावर गप्प बसले. तुम्ही आधी रुग्णांचा तक्ता वाचा, मग निष्कर्ष.