रोहिणीचे पाणी आणि विश्वशांती

विश्वशांती हा आपल्याकडे निबंधाचा विषय आहे. दरवर्षी २१ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय शांतता दिनी, महाविद्यालयात स्पर्धा होते. कबुतर, अणुबॉम्ब, हिरोशिमा आणि शेवटी डोळे मिटलेला बुद्ध, एवढ्या भांडवलावर पहिले बक्षीस मिळते. परीक्षक म्हणून मी असे पुष्कळ निबंध वाचले आहेत. त्यांतल्या बुद्धाला जगातल्या कुठल्याही भांडणाशी देणेघेणे नसते. प्रस्थापितांना असाच बुद्ध परवडतो. दुःख याचे, की आपल्या कवितेतही पुष्कळदा तोच येऊन बसतो.

बाबासाहेबांचा बुद्ध असा नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग करणारा राजपुत्र त्यांनी नाकारला. त्याजागी त्यांनी पाण्याचे भांडण ठेवले. रोहिणी नदीचे पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून शाक्य आणि कोलीय यांच्या सेवकांत मारामारी होते. सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थाची उपसूचना साधी आहे : दोघे आपले, दोघे त्यांचे, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. उपसूचना मोठ्या बहुमताने पडते. तरीही तो विरोध सोडत नाही, तेव्हा सेनापती धमकी देतो ती कुटुंबावर बहिष्काराची आणि जमीनजप्तीची. ही दोन्ही हत्यारे आपल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाहीत.

शांततेच्या जागतिक प्रयत्नांकडे या उपसूचनेच्या उजेडात पाहिले पाहिजे. १९४५ च्या सनदेने संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाली. तिथेही सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्य आहेत. पण ते भांडणाऱ्यांनी निवडलेले नाहीत. ते दुसऱ्या महायुद्धातले विजेते आहेत आणि त्यांच्या हाती नकाराधिकार आहे. ज्याच्याविरुद्ध निवाडा व्हायचा, तोच निवाडा अडवू शकतो. सिंधूच्या पाण्याचा भारत-पाकिस्तान करार १९६० साली जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला, पुढची युद्धेही त्याने पचवली. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. रोहिणीचा प्रश्न अजून वाहतोच आहे.

ग्रंथातली कथा इथे थांबत नाही. सिद्धार्थ राजगृहाला असताना पाच परिव्राजक बातमी आणतात : शाक्यांत युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली, मिरवणुका निघाल्या, समेट झाला आणि पाण्याच्या तंट्यांसाठी कायमचे लवाद मंडळ नेमायचे ठरले. आता घरी परतायला हरकत काय? सिद्धार्थ परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतला संघर्ष प्रासंगिक असतो, वर्गावर्गांतला मात्र अखंड चालू असतो, असे त्याला दिसते. युद्ध टळले म्हणून शांतता आली, हे समीकरणच बाबासाहेब मोडून टाकतात. विश्वशांतीवरचे निबंध नेमके या पानापर्यंत पोचत नाहीत.

तरीही एक प्रश्न मी ग्रंथाला विचारतो. श्रद्धेने वाचणाऱ्यालाच तो विचारण्याचा अधिक अधिकार आहे. रोहिणीच्या काठावर डोकी फुटली ती सेवकांची. संघात त्यांना जागा नव्हती. समेटासाठी प्रत्येकी पाच प्रतिनिधी बसले, त्यांत सेवक होते का? ग्रंथ यावर बोलत नाही.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे वडील सालगडी होते. चारीच्या पाण्याच्या पाळीवरून एका रात्री दोन बागायतदारांत जुंपली. मालक बांधावर उभे होते, फावडी दोन्हीकडच्या गड्यांच्या हातांत होती. वडिलांच्या डोक्याला टाके पडले. आठवड्याने वाड्यावर तडजोड झाली, चहा झाला. डोक्याला पट्टी बांधलेले वडील बाहेर चपलांपाशी उभे होते. आत पाळ्या ठरल्या. गावात शांतता नांदू लागली, असे सगळे म्हणाले. वडिलांची मजुरी बुडाली त्या दिवसांची.

म्हणून सिद्धार्थाचे न परतणे मी असे वाचतो : लवाद मंडळ नेमले गेले तरी बाहेर कोणीतरी उभे होते. ग्रंथात असे शब्द नाहीत. पण वर्गसंघर्षाचे ते वाक्य लिहिणाऱ्या बाबासाहेबांना हा अर्थ परका वाटला नसता, एवढे मी ठामपणे म्हणेन.

येत्या २१ सप्टेंबरला मी स्पर्धेचा विषय बदलणार आहे. ‘आमच्या गावातली पाण्याची तडजोड : आत कोण बसले, बाहेर कोण उभे राहिले?’ निबंध कमी येतील. पण आले, तर ते विश्वशांतीवरचेच असतील.