मुहूर्त आणि हिशेब

आयर्लंडच्या खेड्यांतील लग्नाच्या जुन्या समजुती मोठ्या मौजेच्या आहेत. मे महिन्यात लग्न करू नये, शनिवार वाईट, वधूने हिरवे नेसू नये, कारण तो रंग पऱ्यांचा! लेंटच्या उपवासकाळात लग्ने होत नसत. म्हणून त्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत जिकडेतिकडे लगीनघाई उडे. त्यातूनही जे अविवाहित राहत, त्यांच्या पाठीवर मन्स्टर प्रांतातील पोरे लेंटच्या पहिल्या रविवारी खडूच्या रेघा ओढीत.

परंतु मुहूर्तामागे हिशेब होता. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळानंतर जमिनीचे तुकडे पाडणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले. एका मुलाला शेत, एका मुलीला हुंडा. बाकीच्यांनी बहुधा परदेशची वाट धरायची. मध्यस्थ सोयरीक सुचवी आणि मुलीचा बाप वराचे शेत, गोठा फिरून पाहून येई.

हा हिशेब जॉन बी. कीन यांनी 'साइव्ह' (१९५९) या नाटकात निर्भीडपणे मांडला आहे. साइव्ह ही आईवेगळी, अनौरस शाळकरी मुलगी. तिचे मन तरुण लिअमवर. पण पैशाच्या आमिषाने मामी मीना आणि मध्यस्थ टॉमशीन तिला म्हाताऱ्या शॉन डोटाच्या गळ्यात बांधू पाहतात. लग्न तोंडावर आले असता ती घरातून पळते आणि दलदलीत बुडून मरते.

हा शेवट भडक आहे, हे मान्य केले पाहिजे. टॉमशीनही जरा जास्तच काळा रंगवला आहे. दलाल खलनायक ठरला की प्रेक्षकाला आपली सुटका झाल्यासारखे वाटते. मीना मात्र त्याला सुटू देत नाही. दारिद्र्याने गांजलेली, मूल नाही म्हणून सासूचे टोमणे ऐकणारी ही बाई जन्मतः दुष्ट नाही. ज्या रूढीने तिची किंमत केली, त्याच रूढीचे माप ती साइव्हला लावते. नाटकाचे खरे बळ मला येथे दिसते.

डब्लिनच्या ॲबी थिएटरने हे नाटक नाकारले होते. केरी परगण्यातील लिस्टोवेलच्या हौशी नटांनी ते उभे केले आणि त्याच वर्षी ॲथलोनच्या अखिल आयर्लंड नाट्यमहोत्सवात पहिला मान मिळवला. खेड्यांतील माणसांनी आपलाच दोष रंगमंचावर पाहिला आणि त्याला दाद दिली. पऱ्यांच्या आणि खडूच्या गोष्टी मुलाबाळांना जरूर सांगाव्यात; पण घरातील वडीलधाऱ्यांनी 'साइव्ह' एकदा तरी वाचावे.